एन्शीला जायचंय? डोंगरातल्या एका शांत चिनी शहराची पहिली वारी

चीनला जाऊन आलेल्या मराठी माणसाशी बोललात तर गाडी बीजिंग, शांघाय, ग्वांगचौचा घाऊक बाजार, फार तर शीआनचे मातीचे सैनिक इथवर येते आणि थांबते. एन्शीचं नाव निघत नाही. हुबेई प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात चुनखडीच्या डोंगरांमध्ये छिंगच्यांग नदीच्या काठी हे शहर वसलं आहे. उच्चार ऐकायला ‘अन्-शऱ्’ असा येतो, पण मराठीत एन्शी लिहिलेलं वाचायला सोपं. इथे थुच्या आणि म्याओ समाजाचे लोक मोठ्या संख्येने राहतात, म्हणून १९८३ साली या भागाला स्वायत्त विभागाचा दर्जा मिळाला. एन्शी हे त्या विभागाचं मुख्य ठिकाण.

चीनमधले पर्यटक इथे येतात, सुट्टीत तर भरपूर येतात. परदेशी माणूस मात्र क्वचित दिसतो. त्यामुळे इंग्रजी फलक कमी, इंग्रजी बोलणारे त्याहून कमी, आणि भारतीय जेवणाचा विषयच नको. हा लेख चीनला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी आहे. माझं सांगणं एकच : कागदपत्रं आणि फोन यांची तयारी घरी बसून पूर्ण करा, आणि तिथे पोचल्यावर घाई करू नका. चार-पाच दिवस हाताशी असतील तरच इथे या. दोन दिवसांत ‘पॉइंट’ उरकायचे असतील तर दुसरं शहर निवडलेलं बरं.

आधी हे समजून घ्या

एन्शी उशिरा उघडलेलं शहर आहे. ईछांग ते वानचौ ही रेल्वे २०१० च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, तोवर बाहेरचा माणूस घाटरस्त्याने तासन् तास हेलकावे खात यायचा. हा मार्ग सुमारे ३७७ किलोमीटरचा, आणि त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भाग पुलांवरून किंवा बोगद्यांतून जातो. चुनखडीचा डोंगर आतून पोकळ असतो, पोखरायला गेलं की मध्येच पाण्याने भरलेली गुहा फुटते. सात वर्षं हे काम चाललं होतं. कोकण रेल्वेचं काम ज्यांनी जवळून पाहिलं असेल त्यांना या कष्टांची कल्पना येईल.

याच दुर्गमतेमुळे जपानशी युद्ध चालू असताना, वूहान पडल्यावर, हुबेईचं प्रांतिक सरकार एन्शीत हलवलं गेलं. त्याआधी शतकानुशतकं इथे ‘थूस’ म्हणजे स्थानिक वतनदार सरदारांचा अंमल होता. १७३५ च्या सुमारास छिंग बादशाहीने तो मोडून आपले अधिकारी नेमले. इथलं खाणं, इथला चहा, धुरावलेली लाकडी घरं, सगळं या एकटेपणातून घडलंय. हे डोक्यात ठेवून हिंडलात तर शहर जास्त कळतं.

कधी जायचं

एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध सगळ्यात चांगला. चहाची पहिली खुडणी झालेली असते आणि डोंगर हिरवेगार असतात. दुसरा चांगला काळ म्हणजे ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते नोव्हेंबरची सुरुवात. १ ते ७ ऑक्टोबर ही चीनची राष्ट्रीय सुट्टी असते. ती आणि १ मेच्या आसपासचे दिवस काटेकोरपणे टाळा. इथलं मुख्य आकर्षण असलेल्या महादरीतल्या पायवाटेवर तेव्हा पंढरपूरच्या दर्शनबारीसारखी रांग लागते, आणि शांतता शोधायला आलेल्या माणसाचा हिरमोड होतो.

जून-जुलै हा जोरदार पावसाचा काळ. जुलै २०२० मध्ये एन्शी शहरात पूर आला होता आणि वरच्या भागात दरडही कोसळली होती. आपल्याला घाटातल्या पावसाची सवय असते, पण तिथला इशारा हलक्यात घेऊ नका. पाऊस फार झाला की दरीचा भाग बंद ठेवतात. हिवाळा बोचरा आणि ओलसर असतो. दक्षिणेकडच्या शहरांत उत्तर चीनसारखी घरं गरम ठेवायची सार्वजनिक सोय नाही, त्यामुळे पाच-सहा अंश तापमानही हाडात शिरतं.

व्हिसा आणि विमान

भारतीय पासपोर्टवर चीनचे टूरिस्ट व्हिसा २४ जुलै २०२५ पासून पुन्हा मिळू लागले. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी आणि कोरी पानं हवीत. येण्याजाण्याची तिकिटं, हॉटेलचं आरक्षण, बँकेचे तपशील, फोटो हे नेहमीचं. अर्जात प्रवासाचा कार्यक्रम भरताना एन्शी स्पष्ट लिहा आणि तिथल्या हॉटेलचं आरक्षण जोडा. अनोळखी शहराचं नाव लिहायला लोक बिचकतात, पण त्यात काही वावगं नाही. हुबेईच्या या भागात जायला वेगळा परवाना लागत नाही.

काही देशांच्या नागरिकांना चीनमधून तिसऱ्या देशात जाताना २४० तास व्हिसाशिवाय थांबता येतं. त्या यादीत भारत नाही. अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा पासपोर्ट असलेल्या आपल्या मंडळींना ही सोय आहे. कुटुंबात दोन प्रकारचे पासपोर्ट असतील तर तिकिटं काढण्याआधी याचा हिशोब करा.

थेट विमानसेवा २६ ऑक्टोबर २०२५ ला कोलकाता-ग्वांगचौ मार्गाने पुन्हा सुरू झाली, आणि पाठोपाठ दिल्लीहूनही. एन्शीला शहराला लागूनच छोटा विमानतळ आहे, तरी माझा कौल रेल्वेला. एक व्यावहारिक कारणही आहे. २०२५ च्या जून अखेरपासून चीनच्या देशांतर्गत विमानांत तिथल्या ‘थ्री-सी’ प्रमाणचिन्हाशिवाय पॉवर बँक नेता येत नाही. भारतात घेतलेल्या पॉवर बँकेवर हे चिन्ह बहुधा नसतं आणि सुरक्षा तपासणीत ती काढून घेतात. फोन बंद पडला तर चीनमध्ये चहासुद्धा विकत घेणं अवघड होतं, म्हणून एवढं बजावून सांगतोय.

फोनची तयारी घरीच

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

पैसे. चीनमध्ये भाजीवालीपासून मंदिराच्या दानपेटीपर्यंत सगळीकडे क्यूआर कोड आहे. आपल्याला हे नवीन नाही, पण आपलं यूपीआय तिथे चालत नाही. अलीपे हे ॲप लागतं. त्यात पासपोर्टने ओळख पटवायची आणि व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडायचं. रुपे कार्डाचा उपयोग नाही. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा, आपल्याकडे ते मुळात बंद असतात. २०० युआनपर्यंतच्या व्यवहाराला जास्तीचा आकार नाही, त्यावर ३ टक्के लागतो. युआनचा भाव साधारण १२-१३ रुपये धरा. रोजचं जेवणखाण, बस, टॅक्सी या मर्यादेत आरामात बसतं.

कार्ड जोडताना आणि कधी कधी पैसे देतानाही ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून आपलं सिम काढून ठेवू नका. निदान एसएमएस येण्यापुरतं रोमिंग चालू हवं. वीचॅट या निरोप आणि पैसे पाठवायच्या चिनी ॲपवर भारतात २०२० पासून बंदी आहे, तेव्हा सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. जोडीला ५००-६०० युआन रोख, त्यातही सुट्ट्या नोटा जास्त. रोख नाकारणं तिथे नियमात बसत नाही, पण मोड नसते ही खरी अडचण असते.

इंटरनेट. गूगल, व्हॉट्सॲप, यूट्यूब, इन्स्टाग्राम चीनच्या स्थानिक नेटवर चालत नाहीत. भारतीय सिमचं रोमिंग किंवा प्रवासी ई-सिम घेतलं तर डेटा बाहेरच्या देशातून फिरून येतो आणि हे सगळं चालू राहतं. हॉटेलच्या वायफायवर गेलात की बंद. घरच्यांना हे निघण्याआधी सांगून ठेवा. रात्री दोन तास व्हॉट्सॲपला उत्तर आलं नाही की आईच्या जिवाला घोर लागतो.

नकाशा. गूगलचा नकाशा तिथे चुकतो. काओद नावाचं चिनी नकाशा ॲप घ्या, परदेशात ते ‘ॲमॅप’ म्हणून ओळखलं जातं आणि त्यात इंग्रजीही आहे. टॅक्सीसाठी दीदी ही सेवा अलीपेच्या आतच उघडते. चालकाला पत्ता सांगावा लागत नाही, हे आपल्यासाठी मोठं सुख.

भाषांतर. चिनी भाषा ऑफलाइन उतरवून ठेवा. कॅमेरा रोखून मेनू वाचण्याची सवय घरी एखाद्या चिनी पाकिटावर करून पाहा. तीन-चार वाक्यं चिनी लिपीत मोठ्या अक्षरात लिहून त्यांचे स्क्रीनशॉट जवळ ठेवा : हॉटेलचं नाव-पत्ता, ‘मी मांस, मासे, अंडी खात नाही’, ‘मला डॉक्टरकडे न्या’.

वूहानहून गाडी

ग्वांगचौहून वूहानला वेगवान गाडीने साधारण चार तास. वूहानच्या हानखौ स्टेशनवरून एन्शीला आणखी चार-पाच तास. उलट बाजूने, छोंगछिंगहून आलात तर अडीच तासांच्या आसपास. तिकिटं रेल्वेच्या १२३०६ या ॲपवर काढता येतात आणि त्यात इंग्रजीही आहे. प्रवासाच्या १५ दिवस आधी विक्री सुरू होते. नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न अक्षर. खातं तपासून मिळायला वेळ लागू शकतो, तेव्हा ते आठवडाभर आधीच उघडा.

कागदी तिकीट नसतं, पासपोर्ट हेच तिकीट. स्टेशनात शिरताना सामान तपासतात आणि चाकू, मोठी कात्री, स्प्रेचे डबे अडवतात. फलाटावर जाताना स्वयंचलित फाटक पासपोर्ट वाचत नसेल तर कडेला कर्मचारी उभा असतो, सरळ त्याच्याकडे जा. गाडी सुटण्याच्या काही मिनिटं आधी फाटक बंद होतं, धावत जाऊन डबा पकडणं तिथे चालत नाही. तासभर आधी पोचा.

एक फसगत टाळा. नकाशात ‘बादोंग उत्तर’ हे झकास नवं स्टेशन एन्शी विभागातच दिसतं, पण ते यांगत्सेच्या बाजूला, वेगळ्या मार्गावर आहे. एन्शी शहरापासून ते फार दूर पडतं. तिकिटावर नुसतं ‘एन्शी’ असलं पाहिजे.

खिडकीची जागा मिळाली तर मिळवाच. ईछांग सोडलं की बोगदा, पूल, बोगदा असं सुरू होतं. दोन बोगद्यांच्या मध्ये काही क्षण खाली खोल दरी, मक्याचे उतार, एखादं काळपट कौलांचं घर दिसतं आणि पुन्हा अंधार. याच डोंगरांतून जाणाऱ्या महामार्गावर सदू नदीचा पूल आहे, दरीच्या तळापासून जवळपास ५०० मीटर उंच. २००९ मध्ये तो झाला तेव्हा जगातला सर्वात उंचावरचा पूल होता. दरी इतकी खोल की पहिला दोर पलीकडे न्यायला रॉकेट वापरलं होतं.

या वाटेवर मला नेहमी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची आठवण येते. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, ते हानखौ, ईछांग, छोंगछिंग असं पुढे सरकत येनआनला पोचलं. आपली गाडी आज तीच तीन शहरं जोडते. चिनी लोक कोटणीसांना ‘ख तीह्वा’ म्हणतात. शेजारचा वयस्क प्रवासी ‘यिन्तू?’ म्हणजे ‘भारत?’ असं विचारेल तेव्हा मान डोलवून हे नाव घ्या. साऱ्यांनाच ते माहीत असेल असं नाही, पण ज्याला माहीत असतं त्याचा चेहरा बदलतो.

मुक्काम

परदेशी पाहुण्याची पोलिसांकडे २४ तासांत नोंद व्हावी लागते. हॉटेल ते काम करतं, ओळखीच्या घरी उतरलात तर ते तुम्हाला करावं लागतं. मोठ्या शहरांत याचा त्रास जाणवत नाही. एन्शीसारख्या ठिकाणी छोट्या हॉटेलातल्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा परदेशी पासपोर्ट हातात घेतलेला असू शकतो. एका लहान हॉटेलाने मला रात्री साडेनऊला, आरक्षण असूनही, हात जोडून परत पाठवलं होतं. त्यांच्या संगणकात माझी नोंदच होत नव्हती. तेव्हापासून पहिल्या दोन रात्री साखळी हॉटेलात घेतो आणि आधी चिनीत संदेश पाठवून विचारतो : भारतीय पासपोर्ट चालेल ना? तुम्हीही तसंच करा. जागा नदीजवळ, जुन्या भागाच्या आसपास घ्या. स्टेशनाजवळ स्वस्त मिळतं, पण संध्याकाळ वाया जाते.

पहिला दिवस शहरालाच द्या

थेट दरीकडे धावू नका. सकाळी छिंगच्यांगच्या काठाने चाला. नदी हिरवी दिसते. लोक कवायत करतात, कपडे धुतात, गळ टाकून बसतात. नदीवरचा छप्पर असलेला ‘फंगयू’ पूल, म्हणजे वारा-पावसाचा पूल, नवा आहे, पण घडण इथल्या परंपरेतली. पावसात त्याखाली म्हातारी माणसं पत्ते खेळत बसतात. तिथून लिऊच्याओथिंग या जुन्या भागात शिरा. बाजारात चहाची पोती, वाळवलेल्या मिरच्या, धुराने काळे पडलेले मांसाचे तुकडे टांगलेले दिसतील. शाकाहारी माणसाने थोडं मन घट्ट करून जावं. पुढे टेकडीवर ल्येनचू मनोरा आहे. चढ दमवतो, पण वरून नदीने शहराला घातलेला वळसा दिसतो आणि मग दिशा पक्क्या होतात.

‘थूस नगरी’ आणि ‘कन्या नगरी’ ही दोन ठिकाणं प्रत्येक जण सुचवेल. थूस नगरी ही जुन्या सरदारवाड्याच्या धर्तीवर या शतकात उभारलेली वास्तू आहे, ती जुनी समजून जाऊ नका. लाकूडकाम मात्र खरोखर पाहण्यासारखं. कन्या नगरी म्हणजे संध्याकाळी खाऊगल्ली, नाच-गाणी आणि वाडगं फोडायची दारू : भाताची दारू पिऊन मातीचं वाडगं जमिनीवर आपटायचं. मुलांना फार आवडतं. तिचं नाव ‘कन्या उत्सवा’वरून आलंय. चांद्र पंचांगाच्या सातव्या महिन्याच्या बाराव्या दिवशी, बहुतेक ऑगस्टमध्ये, थुच्या तरुण-तरुणी बाजाराच्या निमित्ताने भेटत, गाण्यातून एकमेकांना पारखत. आईवडिलांनी ठरवलेल्या लग्नांच्या जगात ही मोकळीक दुर्मीळ होती, म्हणून थुच्या लोकांना तिचा अभिमान आहे.

खाण्याचं काय?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो, आणि तो योग्यच आहे. आधी वेळ सांभाळा. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, आणि तिथे दुपारचं जेवण साडेअकरा-बाराला, रात्रीचं साडेपाच-सहाला असतं. साडेआठला गेलात तर बऱ्याच खानावळींची चूल विझलेली असते.

एन्शीचं जेवण तिखट-आंबट आहे, मराठी जिभेला परकं वाटत नाही. डोंगरात भात कमी पिकायचा, म्हणून मका आणि बटाटा हीच रोजची पोटाची सोय. बटाट्याला इथे ‘यांगयू’ म्हणतात. छोटे बटाटे उकडून, लोखंडी तव्यावर खरपूस परतून, वरून तिखट आणि कांद्याची पात घातलेली ‘खांग यांगयू’ रस्त्यावर सगळीकडे मिळते. शाकाहारी माणसाचा हा पहिला आधार. ‘हचा’ म्हणजे भिजवलेलं सोयाबीन वाटून, चोथा न काढता, पाल्याबरोबर शिजवलेलं दाटसर कालवण. गरिबीतलं अन्न आज मानाने वाढलं जातं. ‘चा क्वांगच्याओ’ हा प्रकार मात्र आवर्जून चाखा : लाल मिरची कुटून मक्याच्या पिठात कालवायची, बरणीत आंबवायची आणि मग तेलावर परतायची. आंबूस, खमंग, आपल्या खर्ड्याच्या दूरच्या भावासारखी. याच विभागातल्या लायफंगचं लोणच्यातलं आलंही असंच, कोवळं आणि दोरे नसलेलं. कोन्याक कंदाचे करड्या रंगाचे लवचिक तुकडे भाजीत येतात, ते मांस नाही, निर्धास्त खा.

अडचण तेलाची आहे. भाजी शाकाहारी दिसली तरी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, आणि हचामध्ये खिमा घालायची पद्धत आहे. म्हणून ‘वो छऱ् सू’, म्हणजे ‘मी शाकाहारी आहे’, एवढ्यावर थांबू नका. ‘पू याव रोउ’, मांस नको, आणि ‘पू याव चू-योउ’, डुकराची चरबी नको, हेही सांगा आणि लिहिलेलं दाखवा. मोहरीवर्गीय बियांचं तेल तिथे घरोघरी असतं, ते ‘छाय-योउ’ मागा. खानावळीच्या बाईंना नीट कळलं की त्या तुम्हाला हाताला धरून स्वयंपाकघरात नेतात आणि भाज्यांकडे बोट दाखवायला सांगतात. यात संकोच करू नका, हीच तिथली खरी मेनूकार्डं.

घरून काय न्यावं? गरम पाण्यात होणारा उपमा आणि पोहे, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी. गाडीत, स्टेशनात, हॉटेलात सगळीकडे उकळतं पाणी फुकट मिळतं, म्हणून झाकणाचा स्टीलचा डबा जवळ असू द्या. ताजी फळं, मांसाचे आणि दुधाचे पदार्थ मात्र सीमाशुल्कात अडतात, ते बॅगेत भरू नका.

चहासाठी एक दिवस

एन्शीला येऊन चहा न समजून घेता जाणं म्हणजे कोकणात जाऊन समुद्र न बघणं. इथला ‘एन्शी यूलू’ हिरवा चहा वेगळा आहे तो एका कृतीमुळे. पान खुडलं की ते काळं पडू नये म्हणून लगेच उष्णता द्यावी लागते. चीनमध्ये बहुतेक ठिकाणी पानं गरम कढईत परततात. यूलूची पानं वाफवतात, ही चीनमधली फार जुनी रीत. नंतर तापलेल्या पाटावर हाताने घोळून घोळून ती सुईसारखी सरळ करतात. वाफेमुळे हिरवा रंग टिकतो आणि चवीला किंचित समुद्री गोडवा येतो. जपानचा ‘ग्योकुरो’ याच दोन चिनी अक्षरांनी लिहितात, अर्थ ‘जेड या रत्नाचं दव’. २०२२ मध्ये युनेस्कोने चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीला वारसा यादीत घेतलं, त्यात यूलूची कलाही आहे.

२८ एप्रिल २०१८ ला वूहानच्या पूर्व सरोवरावर शी जिनपिंग यांनी नरेंद्र मोदींना चहा पाजला, तो एन्शी यूलू आणि शेजारच्या लीछ्वानचा लाल चहा. एन्शीतले चहावाले ही गोष्ट आनंदाने सांगतात, आणि तुम्ही भारतीय आहात म्हटल्यावर एक पेला जास्त ओततात.

शहराच्या दक्षिणेला बाच्याओ हा तोंग समाजाचा भाग आहे, चहाच्या टेकड्यांनी भरलेला. टॅक्सीने सकाळी जा, दुपारपर्यंत हिंडा. दुकानात चव घेण्याचे पैसे नसतात आणि घेतलंच पाहिजे अशी सक्तीही नसते. पण तासभर बसून पाच प्रकार चाखलेत तर ५० ग्रॅम तरी घ्या, ही रीत आहे. काचेचा पेला, उकळून थोडं निवलेलं पाणी, चिमूटभर पानं. दूध-साखर मागू नका. कडवट वाटलं तर पाणी जास्त तापलंय असं समजा.

दुकानात जिथे तिथे ‘सेलेनियमयुक्त’ असं लिहिलेलं दिसेल. एन्शी स्वतःला जगाची सेलेनियम राजधानी म्हणवते. इथल्या खडकात आणि दगडी कोळशाच्या थरांत हे मूलद्रव्य खूप आहे, हे खरं. पण १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जवळच्याच युथांगबा गावात ते अन्नातून इतकं पोटात गेलं की माणसांचे केस आणि नखं गळून पडली. अंगाला ते कणभरच लागतं. चहा, मका, बटाटा हौसेने घ्या, सेलेनियमच्या गोळ्या आणि महागडी पाकिटं घेऊ नका.

मोठी दरी : पूर्ण दिवस, चांगले बूट

एन्शीची महादरी शहरापासून साधारण ६० किलोमीटरवर. शहरातून बस जाते, दीडेक तास लागतो. सकाळी लवकर निघा. दोन भाग आहेत. आधी ‘युनलोंग भेग’ : जमिनीला पडलेली सुमारे ७५ मीटर खोल चीर, तळाशी ओढा आणि दोन्ही कड्यांवरून पडणारे धबधबे. उतरायला सोपी, वर यायला दमवणारी. मग रोपवेने ‘सप्ततारा गड’, चिनीत छीशिंगचाय. इथे कड्याच्या पोटाला चिकटवलेली जवळपास अर्धा किलोमीटरची पायवाट आहे. उंचीची भीती असेल तर भिंतीच्या बाजूने चाला, कठडा भक्कम आहे. शेवटी दिसते ती ‘एक उदबत्ती’ : १५० मीटर उंच आणि अवघा काही मीटर जाडीचा दगडी सुळका, एकटा उभा. आपल्या नाणेघाटातला नानाचा अंगठा किंवा ड्यूक्स नोज पाहिलेल्या माणसालाही तो गप्प करतो. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, लाव्ह्याच्या थरांचा, पावसाने झिजणारा. हा डोंगर चुनखडीचा, पाण्यात विरघळणारा, म्हणून आकार असे उभे आणि सुटे.

चालायला एकूण सहा-सात तास धरा. गुडघे दुखणाऱ्यांसाठी शेवटच्या उतारावर सरकते जिने आहेत, त्यांचं तिकीट वेगळं, आणि ते पैसे वाया जात नाहीत. ढग असेल तर निराश होऊ नका, तासाभरात पडदा सरकतो. दाट धुकं आणि पाऊस असेल तर मात्र दुसऱ्या दिवसावर ढकला. यासाठीच हाताशी एक मोकळा दिवस ठेवायचा.

दिवस उरले तर

रेल्वेने अर्ध्या-पाऊण तासावर लीछ्वान. उंची ११०० मीटरच्या आसपास, त्यामुळे उन्हाळ्यात वूहानची माणसं इथे गारव्याला येतात. थंगलोंग गुहेचं तोंड ७० मीटरहून उंच आहे, आणि शेजारीच अख्खी छिंगच्यांग नदी धबधब्यासारखी जमिनीत गडप होते. जी नदी एन्शीत शांत वाहताना पाहिली तिचं हे रूप बघून मग परत काठावर बसावंसं वाटतं.

इतिहासाची आवड असेल तर श्येनफंगजवळचे थांग्या सरदारांच्या राजधानीचे अवशेष पाहा. २०१५ पासून ते जागतिक वारसा आहेत. मिंग काळातली दगडी कमान, तटबंदी, फरसबंद वाटा, आणि माणसं जवळजवळ नाहीत. थूस नगरीत जे नव्याने रचलंय, त्याचं मूळ इथे आहे. जायला-यायला दिवस मोडतो, गाडी ठरवूनच जा.

शेवटची तयारी

पोलीस ११०, रुग्णवाहिका १२०, अग्निशमन ११९. पासपोर्टची आणि व्हिसाची छायाप्रत वेगळ्या पिशवीत ठेवा. सार्वजनिक शौचालयं बहुतेक भारतीय पद्धतीची असतात, कागद मात्र आपला न्यावा लागतो. रोजची औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह.

परतीच्या दिवशी चहा हवाबंद पाकिटात भरून घ्या, दुकानदार समोर पाकीट बंद करून देतात. यूलू उन्हात आणि दमटपणात लवकर बिघडतो, म्हणून मुंबई-कोकणात राहत असाल तर घरी पोचल्यावर डब्यात घालून थेट फ्रीजमध्ये ठेवा. स्टेशनकडे निघताना वाटेत एक द्रोणभर खांग यांगयू बांधून घ्या. वूहान पाच तासांवर आहे आणि गाडीत शाकाहारी काही मिळेलच असं नाही.